माळ पेटवणारा बिडीवाला

तुमच्याकडे धुरामुळे शाळा बंद होती, तेव्हा तुम्ही मला फोन खिडकीला लावून आकाश दाखवलं होतं. भर दुपारी ते गंजल्या पत्र्याच्या रंगाचं झालं होतं. मी म्हणाले, आमच्याकडेही गेल्या वर्षी फेब्रुवारीत वणवा लागला होता. त्यावर धाकटीनं विचारलं, "आजी, पण तुझ्याकडे जंगल कुठे आहे जळायला?"

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. आवाज तुटत होता आणि मी दमलेली होते. म्हणून आता लिहिते, जे जसं घडलं त्याच क्रमानं.

आपल्या घराच्या मागच्या दारातून पाहिलं की एका हाताला आप्पांचा ऊस आणि दुसऱ्या हाताला माळ. मधे एक बांध. एवढाच आमचा भूगोल. आप्पा म्हणजे आपले शेजारी, तुमच्या आजोबांचे जुने सोबती. गावातल्या सोसायटीच्या निवडणुकीत दोघं एका बाजूला असायचे आणि हरायचे. आजोबा गेल्यावर आप्पांच्या घरून रोज सकाळी तांब्याभर दूध येऊ लागलं. मी कधी मागितलं नव्हतं आणि त्यांनी कधी त्याबद्दल बोलणं काढलं नव्हतं.

माळ हे तुमच्यासाठी जंगल नाही, हे मला माहीत आहे. झाडं म्हणाल तर थोडी बोरं, बाभळी, हिवराची काटेरी झुडपं. बाकी सगळं गवत. पावसाळ्यात ते गुडघ्याएवढं वाढतं आणि दिवाळीनंतर वाळून पिवळं पडतं. सरकारी कागदात बरीच वर्षं त्याला पडीक म्हणत. मीही शिरूरच्या शाळेत शिकवत होते तोवर पडीकच म्हणत असे. शाळेला जाताना एसटीच्या खिडकीतून ते रोज दिसायचं आणि मी वह्या तपासत बसायचे. पण त्या गवतात चिंकारा चरतो, खोकड बीळ करून राहतं, लांडगा येतो-जातो. खोकड म्हणजे आपल्याकडचा लहान कोल्हा, मांजरापेक्षा थोडा मोठा, शेपटीचं टोक काळं. आणि हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी फार लांबून येतात, दिवसभर गवतावरून खाली-खाली उडत राहतात आणि संध्याकाळी झाडावर न बसता गवतातच उतरून झोपतात. जमिनीवर झोपणारा शिकारी पक्षी. हे मला तुमच्या आत्यानं दाखवलं तेव्हा मी साठी ओलांडलेली होते आणि जन्म सगळा त्या माळाशेजारी काढला होता.

आत्या पुण्याची नोकरी सोडून इथे आली, ते तुम्हाला आठवत असेल. तुमच्या बाबांनी तिला खूप समजावलं होतं. ती म्हणाली, मला माळ दाखवायचाय लोकांना. तिनं वनखात्याकडून पायी फिरवण्याची परवानगी काढली, आपल्या घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी केल्या. तिचे नियम कडक होते. गाडी माळावर न्यायची नाही, मळलेल्या पायवाटेवरून हटायचं नाही, बिळाजवळ जायचं नाही, एका वेळी मोजकीच माणसं. जेवण आपल्याच घरचं, भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत. पाहुणे बहुधा शनिवारी यायचे. सोलापूर रस्त्यानं येणारे कासुर्डी सोडली की फोन करायचे, आणि भांडगावला चहाला थांबले की पुन्हा करायचे. मग चौफुल्याला वळून, भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्याच्या बाजूला येईपर्यंत मी चूल पेटवून तयार असे.

चालत होतं. फार नाही, पण चालत होतं. मी तिला तोंडावर कधी शाबास म्हटलं नाही, कारण मला ते टिकेल असं वाटत नव्हतं.

अडचण धुराची होती.

आप्पांचा ऊस साधारण जानेवारीत तुटतो. तोडणी झाली, गाड्या कारखान्याकडे गेल्या की शेतात उसाचा वाळलेला पाला राहतो. त्याला पाचट म्हणतात. जमीन दिसत नाही इतका त्याचा थर असतो. ते पाचट तसंच कुजू दिलं तर जमिनीला चांगलं, हे शेतकी अधिकारी येऊन सांगतात, रेडिओवर सांगतात, आप्पाही दुसऱ्यांना सांगतात. पण पाचटात उंदीर होतात, पाणी सरीतून नीट पुढे जात नाही, आणि खोडवा, म्हणजे तुटलेल्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक, उशिरा वर येतो. म्हणून सगळे पेटवतात. आप्पाही पेटवायचे. पण त्यांची एक रीत होती. पहाटे, दव असताना, वारा पडलेला असताना. कडेला पाण्याचा पाइप सोडून ठेवायचे आणि स्वतः फावडं घेऊन उभे राहायचे. इतकी वर्षं त्यांची आग बांधापलीकडे गेली नव्हती.

आता पहाटे तर आत्याचे पाहुणे माळावर असायचे. लांडगा, चिंकारा दिसायचा तो पहाटेच. आणि संध्याकाळी भोवत्या उतरताना बघायला पुन्हा जायचे. आदल्या वर्षी एका पाहुण्या बाईंना धुरानं दम लागला होता आणि त्यांनी ते इंटरनेटवर सविस्तर लिहिलं होतं.

म्हणून आत्यानं आप्पांना घरी चहाला बोलावलं. मी तिथेच होते. ती फार आदबीनं बोलली. आप्पा, तुमचं शेत आहे, तुमचा हक्क आहे, फक्त सकाळी आणि संध्याकाळी पाहुणे असतात, तर काही करता येईल का. आप्पांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "त्यात काय पोरी? मंग दुपारचं पेटवीन. तुझं पाव्हणं तवा घोरत आसत्याल."

आम्ही सगळे हसलो. मी आणखी एक कप चहा ओतला. आमच्यात त्या दिवशी कुणाचंही काही चुकलं नव्हतं, सगळ्यांनी एकमेकांचं मन राखलं होतं. इतक्या चांगुलपणानं ठरलेली गोष्ट मी पुन्हा तपासून पाहिली नाही.

तो शनिवार होता. मी पडवीत खुर्ची टाकून बसले होते, तांदूळ निवडत. जेवणं झाली होती. आप्पा बांधाच्या पलीकडे पाइप ओढताना दिसले. त्यांनी मला हात केला, मी त्यांना केला. मग त्यांनी शेताच्या खालच्या कोपऱ्याला काडी लावली. पहिल्यांदा धूर सरळ वर गेला. आमच्या इथून लांबवर गुऱ्हाळाचं धुराडं दिसतं. त्याचाही धूर सरळ होता. मग तो वाकला. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात पोचेपर्यंत आप्पांच्या शेतातला धूरही वाकला होता, आणि तो माळाकडे वाकला होता.

दुपारी आमच्याकडे वारा उठतोच. हे मला माहीत होतं, आप्पांना माहीत होतं, आत्यालाही माहीत होतं. फेब्रुवारीत दुपारी वाळत घातलेली चादर दोरीवर राहत नाही. पण त्या चहाच्या वेळी आम्ही धुराबद्दल बोलत होतो, वाऱ्याबद्दल नाही.

पाचटाचं एक जळतं पान उडून बांधापलीकडे पडलं. एकच मला दिसलं, बाकीची पडली असतील. गवत पेटताना आवाज येतो तो मोठा नसतो. कुणीतरी कागद चुरगाळतंय असा असतो, फक्त तो थांबत नाही. आप्पा धावले. त्यांच्या वयाचा माणूस असा धावताना मी कधी पाहिला नाही आणि पुन्हा पाहू नये. ते ओल्या गोणपाटानं आग बडवत होते, आणि आग त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून जात होती. मी तांदूळ तसेच टाकून फोन लावले. आत्या निंबाच्या ओल्या फांद्या तोडून पळाली. वस्तीवरची माणसं आली, डाळिंबाच्या बागेत औषध फवारायचा ट्रॅक्टर कुणीतरी आणला, त्याच्या टाकीत पाणी भरून फवारत होते. पण माळ मोठा आणि वारा मागून होता.

आग शेवटी थांबली ती न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे. तिथे वनखात्यानं जाळपट्टा काढलेला होता. जाळपट्टा म्हणजे मुद्दाम गवत कापून, जाळून मोकळी केलेली रुंद पट्टी, आगीला पुढे खायला काही मिळू नये म्हणून. दर वर्षी ते रस्त्याच्या कडेनं तसा पट्टा काढतात. आग त्याच्यापर्यंत आली आणि भूक मेल्यासारखी बसली. पट्ट्यानं आपलं काम चोख केलं होतं. फक्त तोवर त्याच्या अलीकडचा सगळा माळ गेला होता.

पाहुण्यांचा फोन कासुर्डीहून आला. आत्यानं त्यांना परत जायला सांगितलं. तिचा चेहरा काजळीनं भरला होता आणि ती अगदी नेहमीच्या आवाजात बोलत होती, "नाही, नाही, आम्ही सगळे ठीक आहोत. तुम्ही तिथेच कुठे जेवून घ्या."

संध्याकाळी भोवत्या आल्या. रोजच्या वेळेला, रोजच्या दिशेनं. काळ्या माळावर घिरट्या घालत राहिल्या, खाली येत, पुन्हा वर जात. मग अंधार व्हायच्या आत भीमेच्या दिशेनं निघून गेल्या. कुठे उतरल्या माहीत नाही. आत्या ते बघत बांधावर उभी होती. मी तिला आत ये म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी उपासनेला शिरूरच्या चर्चमध्ये गेले नाही. कपड्यांतून, केसांतून वास जात नव्हता. आप्पांच्या उजव्या हाताला भाजलं होतं, त्यांची टोपी जळाली होती. त्यांच्या सुनेनं त्या सकाळीसुद्धा दूध आणून दिलं.

आता बिडीवाल्याबद्दल सांगते.

आमच्या भागात कुठेही वणवा लागला की त्याला एक बिडीवाला असतो. रस्त्यानं मोटारसायकलवर कुणीतरी चाललेला असतो, तो पेटती बिडी टाकतो आणि निघून जातो. तो कुठल्या गावचा, कुणी पाहिला, कसा दिसतो, हे कुणी विचारत नाही. माझ्या लहानपणी तो बैलगाडीतून जायचा. आगीच्या चौकशीला कुणी आलं की सगळं गाव एका तोंडानं त्याचं नाव सांगतं, म्हणजे नाव सोडून बाकी सगळं सांगतं. त्यात लबाडी असते असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याला तालुक्याला खेपा घालायला लागू नयेत म्हणून कुणीतरी परका माणूस ते अंगावर घेतो. तो बिचारा कधी नाही म्हणत नाही.

सोमवारी वनखात्याचा गार्ड पंचनामा करायला आला. तरुण मुलगा, आत्याच्या चांगल्या ओळखीचा, तिच्या पाहुण्यांबरोबर कितीदा तरी फिरलेला. तो आपल्या पडवीत बसला. आप्पाही आले होते, हाताला फडकं बांधून. मी पाणी दिलं, चहा ठेवला. गार्डनं विचारलं, आग कशी लागली.

आप्पा म्हणाले, रस्त्यानं कुणीतरी बिडी टाकली आसंल.

त्यांचं वाक्य संपायच्या आधीच गार्डचं पेन चालू लागलं होतं. तो ते वाक्य किती वेळा लिहून चुकला असेल. लिहिता लिहिताच तो आत्याला म्हणाला की दर वर्षी कुठे ना कुठे रस्त्याकडूनच आग येते, म्हणून साहेब म्हणतात पुढच्या वर्षी रस्त्याकडचा पट्टा आणखी रुंद करू.

मी आत जायला वळले होते. तिथेच थांबले.

माझ्या लक्षात जे आलं ते फार मोठं नव्हतं, पण ते मला सोडेना. जाळपट्टा रस्त्याच्या कडेला का काढतात? कारण कागदावर आग नेहमी रस्त्याकडून येते. कागदावर ती रस्त्याकडून का येते? कारण आम्ही तसं सांगतो. उसाच्या कडेला आजवर कुणी एक हातभरसुद्धा गवत कापलं नव्हतं, कारण कागदावर तिकडून कधी आग आलीच नव्हती. आम्ही इतकी वर्षं शेजाऱ्यांना सांभाळत होतो आणि वनखातं इतकी वर्षं एका नसलेल्या माणसासाठी पट्टा काढत होतं. आणि पुढच्या वर्षी तो रुंद करणार होतं.

मी म्हणाले, "बिडीवाला नव्हता. मी इथे बसले होते."

गार्डनं मान वर केली. आप्पांनी नाही केली. मग मी सांगितलं, सगळं, क्रमानं. पाचट आप्पांनी पेटवलं, दुपारी पेटवलं. ते नेहमी पहाटे पेटवतात, पण आमच्या पाहुण्यांना धूर नको म्हणून आम्ही त्यांना वेळ बदलायला सांगितली. ती वेळ वाऱ्याची होती. आप्पांनी विझवायला जेवढं करता येईल तेवढं केलं.

गार्डनं पेन कागदावरून उचललं. "बाई, हे लिहू का?"

"लिहा."

"ताईंच्या परवानगीचं बी त्यात येईल मग."

मी आत्याकडे पाहिलं. ती खांबाला टेकून उभी होती. तिनं डोळे मिटले आणि मान हलवली, हो अशी. गार्डनं आधीची ओळ खोडली.

आप्पा उठले. चहा तसाच राहिला. पायरीवर चप्पल घालताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शाळंत बी तुमी आसंच करायच्या, बाई. माझ्या पोराला सगळ्या वर्गापुढं हुबं करायच्या. त्यो घरी येऊन सांगायचा. मी म्हनायचो, आसू दे, बाईंचा सोभाव हाय."

एवढं बोलून ते गेले.

रात्री जेवताना आत्या म्हणाली, "मी सांगणारच होते, आई. त्याला एकट्याला, ऑफिसात जाऊन. आप्पांसमोर नाही." मी तिला भाकरी वाढली. तिचं बरोबर असेल. पण तो ते वाक्य लिहीत होता, आणि लिहिलेलं वाक्य नंतर ऑफिसात जाऊन खोडता येत नाही, हे मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पुढे जे व्हायचं ते झालं. आप्पांवर केस झाली, त्यांना तालुक्याला खेपा घालाव्या लागल्या, शेवटी दंडावर मिटलं. आत्याची परवानगी पुढील आदेशापर्यंत थांबली. पंचनाम्याच्या दुसऱ्या सकाळपासूनच दूध बंद झालं होतं. मी न्हावऱ्याहून पिशवीचं दूध आणू लागले. गावात कुणी मला वाईट बोललं नाही. बाया विहिरीपाशी, दुकानात भेटल्या की नेहमीसारख्या बोलायच्या. फक्त बोलता बोलता एखादी म्हणायची, "बाईंसमोर जपून गं, पंचनामा हुईल." आणि सगळ्या हसायच्या, मीसुद्धा. त्या हसण्यानं मी जितकी दमले तितकी भांडणानं दमले नसते.

आत्यानं त्या उन्हाळ्यात पुण्याच्या जुन्या ऑफिसचं थोडं काम घरून सुरू केलं. ती जाईल असं मला रोज वाटायचं. खोल्यांच्या गाद्या तिनं गुंडाळून ठेवल्या. सकाळी मात्र माळावर जायची. खोकडाची बिळं खोल असतात, ती वाचली होती. तिनं एकदा राखेत त्यांच्या पावलांचे ठसे मला दाखवले. माझे गुडघे दुखत होते आणि ऊन झालं होतं, तरी मी वाकून पाहिले. काळ्या जमिनीवर चंडोल आणि धाविक हे पक्षी किडे टिपत फिरत होते. मी म्हटलं, म्हणजे सगळं नाही गेलं. ती म्हणाली, "आई, लागोपाठ जळलं ना, तर जाईल. एक वर्ष गवत तग धरतं. दर वर्षी नाही."

पावसाळ्यात माळ पुन्हा हिरवा झाला, जरा विरळ. दिवाळीपर्यंत वाळला. भोवत्या आल्या, पण आधीपेक्षा कमी. माझं वय या सगळ्यासाठी जास्त झालंय असं मला तेव्हा वाटू लागलं होतं. तुमचे बाबा म्हणत होते, घर भाड्यानं द्या आणि पुण्याला फ्लॅट घ्या. मी हो म्हणायच्या बेतात होते.

डिसेंबरात, नाताळच्या थोडं आधी, तोच गार्ड आला. साहेबांनी नकाशा बदलला होता. नवा जाळपट्टा उसाच्या बाजूनं काढायचा होता, बांधाला लागून. माळाकडचं गवत ते कापणार होते. पण बांधाच्या अलीकडची पट्टी आप्पांची. तिथलं पाचट आप्पांनी ओढून मोकळं केलं तरच पट्टा पुरेसा रुंद झाला असता. गार्ड आप्पांकडे जाऊन आला होता. आप्पांनी त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. म्हणाले होते, बघू. तेवढं झालं तर ताईंची परवानगी सुटेल, असं गार्ड म्हणाला, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाला, जसं काही ते माझ्या हातात होतं.

जानेवारीत ऊस तुटला. गाड्या गेल्या. पाचट पसरलं. आत्या रोज सकाळी मागचं दार उघडून आधी तिकडे बघायची.

मग एका सकाळी आप्पा बांधावर आले. घराच्या आत आले नाहीत, बांधावरच उभे राहिले. हातावर भाजल्याचा डाग होता. जवळपास वर्षभरानं ते माझ्याशी बोलत होते. रामराम नाही, काही नाही.

"बाई, मागल्या साली येळ तुमी दिली हुती. व्हय का न्हाई?"

"हो," मी म्हणाले.

"तुमीच सांगितलं ना सरकारला तसं. मंग आवंदा बी तुमीच द्या. काडी माझी, येळ तुमची. उद्या काय झालं तर दोगं मिळून जाऊ तालुक्याला, गाडी माझी, डिझेल तुमचं."

मागे उभी असलेली त्यांची सून तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, बांधाकडची पट्टी? ते म्हणाले, काल संध्याकाळीच ओढून ठेवलीय, दिसत न्हाई व्हय, चष्मा बदला. मी पाहिलं. खरंच, बांधाला लागून जमीन उघडी होती, आणि ओढलेलं पाचट लांब शेतात ढीग करून ठेवलं होतं. खालच्या अर्ध्या शेतातलं ते पेटवणारच नव्हते. कुजू देणार होते. "उंदरं झाली की तुमच्या पाव्हण्यांना दाखवा," म्हणाले.

मला नाही म्हणता आलं असतं. मी वाऱ्याची कोण? आणि ते टोमणा मारत होते, हे काय मला कळत नव्हतं? पण तो टोमणा होता आणि त्यात खरंही होतं. त्यांच्या शेताची वेळ आम्ही ठरवली होती, वाऱ्याला न विचारता. आता वाऱ्याला विचारायचं काम माझ्याकडे आलं, ते मला चुकवता येण्यासारखं नव्हतं.

त्या दिवसापासून रोज उजाडता आप्पा बांधावर यायचे. मी शाल घेऊन मागच्या दारात उभी राहायचे. गवताचे शेंडे बघायचे. गुऱ्हाळाचा धूर बघायचे. मग म्हणायचे, आज नको. ते परत जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आज दव नाही, नको. आज धूर वाकडा आहे, नको. एकदा वारा पूर्ण पडलेला होता, पण शनिवार होता, आणि मी आधी आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "पाहुणे नाहीतच, आई. आणि असते तरी त्यांनी बघितलं असतं." तोवर मी फार वेळ घालवला होता आणि ऊन वर आलं होतं.

आप्पांचा खोडवा खोळंबला होता. पाणी द्यायची पाळी येऊन गेली. त्यांच्या मुलानं, ज्याला मी वर्गात उभं करायचे त्यानं, रस्त्यात मला विचारलं, "बाई, निकाल कधी लावताय?" मी पिशवी सावरत पुढे चालू लागले. चुकीचा होकार देण्यापेक्षा नकार देणं सोपं असतं, म्हणून मी नकार देत होते, हेही मला कळत होतं. रात्री झोप येत नव्हती. माणसानं आयुष्यभर काय काय शिकावं आणि शेवटी धुराकडे बघत बसावं.

मग एका सकाळी मी दार उघडलं तेव्हा पायरी ओली होती. माळावरचं गवत दवानं खाली झुकलेलं होतं. गुऱ्हाळाचा धूर दोरीसारखा सरळ. तो हलतो का, याची मी बरीच वाट पाहिली. आप्पा बांधावर उभे होते. गार्डही आला होता, आत्यानं त्याला आदल्या दिवशीच फोन केला होता. ट्रॅक्टर, पाण्याची टाकी, सगळं तयार होतं.

"बाई?" आप्पा म्हणाले.

मी पुन्हा एकदा धुराकडे पाहिलं. मी म्हणाले, "पेटवा."

त्यांनी काडी लावली. आम्ही सगळे कडेनं उभे राहिलो, हातात फांद्या, गोणपाटं. आग शेतातून हळूहळू सरकत आली, ओल्या पाचटामुळे जास्त धूर आणि कमी ज्वाळा. माझे डोळे चुरचुरत होते. मोकळ्या पट्टीपर्यंत आली, तिथे घुटमळली, आणि बसली. बांधापलीकडे एक पानसुद्धा गेलं नाही. माळ तसाच होता, पिवळा, ओला. लांब कुठेतरी तितर ओरडत होता, धुराचं त्याला काही नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या सुनेनं चहा आणला, सगळ्यांनी उभ्याउभ्या घेतला. मी बांधावर बसले. आत्या माझ्या शेजारी बसली. गार्ड तिला काहीतरी कागदाबद्दल सांगत होता, सोमवारी ऑफिसला या म्हणून, आणि ती ऐकत होती, पण बघत माळाकडे होती. मग ती घराकडे गेली. थोड्या वेळानं मागच्या खोलीच्या खिडकीतून गादी बाहेर उन्हात आली. मग दुसरी.

दूध अजून पिशवीचंच येतं, ते एक राहिलंय. ते परत सुरू होईल की नाही, मी विचारत नाही.

आप्पा माझ्यापासून थोड्या अंतरावर फावड्यावर हात ठेवून उभे होते. शेवटचा धूर विझताना बघत होते.

"आवंदा बिडीवाला काय आला न्हाई, बाई," ते म्हणाले.

"येईल," मी म्हणाले. "अजून सगळा उन्हाळा आहे."